घर एका राज्यात, उतारा दुसऱ्या राज्यात: सीमाभागात पीककर्जातून हातात उरते किती?

प्रश्न असा आहे. कुटुंब कोल्हापूर जिल्ह्यात, सीमेलगतच्या गावात राहते. दीड एकर ऊस अलीकडे, सव्वादोन एकर रान पलीकडे बेळगाव जिल्ह्यात. दोन्ही बाजूंना पीककर्ज देणारी सोसायटी आहे, दोन्ही सरकारांची शून्य टक्के व्याजाची योजना आहे, तरी वर्षअखेरीला हात आखडलेलाच. शेतीकर्जाने गरिबी हटते म्हणतात, मग इथे ती का हटत नाही?

व्याजाचा दर हे याचे कारण नाही. पीककर्ज माणसाला मिळत नाही, उताऱ्याला मिळते, आणि उतारा कुठल्या तरी एका राज्याचा असतो. शिवाय पैसा लागणीला लागतो तेव्हा येत नाही आणि फेडायचा असतो तेव्हा शेतकऱ्याच्या हातात नसतो. ही अडचण सगळीकडे आहे, सीमेवर ती दुप्पट होते. ज्याच्या नावावर उताराच नाही त्याच्यापर्यंत तर हे स्वस्त कर्ज पोचतच नाही. गरिबीचा खरा प्रश्न त्याचा आहे, त्याकडे पुढे येतो.

आधी कागद. महाराष्ट्रात सातबारा आणि आठ-अ, कर्नाटकात पहाणी म्हणजे आरटीसी. अलीकडे अ‍ॅग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक, पलीकडे फ्रूट्स या कर्नाटकाच्या शेतकरी नोंदणी प्रणालीतला क्रमांक, म्हणजे एफआयडी. दोन्ही क्रमांक आधारला जोडलेले असले तरी प्रत्येकाला आपल्याच राज्याचे रान दिसते. त्यामुळे दोन्ही क्रमांक वेगवेगळे काढून ठेवावे लागतात. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

नेहमी अडते ते नावात आणि क्षेत्रात. पहाणीवर नाव कन्नडमध्ये, आधारवर मराठीत आणि इंग्रजीत, आडनाव एका ठिकाणी ‘पाटील’, दुसऱ्या ठिकाणी नुसते वडिलांचे नाव. संगणक अशी दोन नावे दोन माणसे समजतो आणि अर्ज मागे पडतो. कर्जाच्या हंगामात धावाधाव करण्यापेक्षा जानेवारी-फेब्रुवारीतच तलाठी किंवा ग्राम लेखाधिकाऱ्याकडे नावदुरुस्तीचा अर्ज द्यावा. मयत वडिलांच्या नावावरचे रान असेल तर वारसनोंदीशिवाय पुढे काहीच हलत नाही.

क्षेत्राचा घोळ तर पैशातच मोजता येतो. सातबारा हेक्टर-आरमध्ये, पहाणी एकर-गुंठ्यात. पहाणीवर २ एकर १० गुंठे असेल तर ते २.१० एकर नव्हे, सव्वादोन एकर. ४० गुंठ्यांचा एकर असतो. हेक्टरमध्ये ते साधारण ०.९१ होते. सोसायटीच्या पत्रकात कुणी २.१० टाकले की सहा गुंठे गायब. एकरी कर्जदर समजा ६०,००० रुपये असेल तर तिथेच ९,००० रुपयांची मर्यादा कमी झाली. पत्रकातला आकडा स्वतः वाचून बघावा, सचिवाच्या भरवशावर राहू नये.

आता कर्ज कुठून. विकास सोसायटीचे कार्यक्षेत्र ठरलेले असते आणि जिल्हा बँकेचे जिल्ह्यापुरते. कोल्हापूरच्या जिल्हा बँकेशी जोडलेली सोसायटी बेळगाव जिल्ह्यातल्या रानावर कर्ज देत नाही. पलीकडच्या रानासाठी तिथल्याच प्राथमिक कृषी पत्तीन सोसायटीचे, म्हणजे ज्याला सगळे पीकेपीएस म्हणतात तिचे, सभासद व्हावे लागते. राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा हा दुसरा मार्ग आहे, पण तीसुद्धा रान ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या शाखेतच जायला सांगते, कारण कर्जाचा बोजा त्याच उताऱ्यावर चढवायचा असतो आणि पीकनिहाय कर्जदर जिल्ह्याची तांत्रिक समिती ठरवते. एकाच बांधाच्या दोन बाजूंना त्याच उसाचा कर्जदर वेगळा असू शकतो तो यामुळे.

मर्यादेचा हिशेब किसान क्रेडिट कार्डाच्या नियमाने असा होतो: कर्जदर गुणिले क्षेत्र, त्यावर काढणीनंतरच्या आणि घरखर्चासाठी १० टक्के, शेतीच्या साधनांच्या देखभालीसाठी २० टक्के, आणि विम्याचा हप्ता असल्यास तो. दोन एकर आणि ६०,००० चा दर धरला तर १,२०,००० अधिक १२,००० अधिक २४,००० म्हणजे १,५६,०००. बँकेत हा हिशेब मागता येतो. सोसायटीत बहुधा पहिल्या आकड्यावरच काम भागवतात, शिवाय कर्जाच्या प्रमाणात शेअर्सची रक्कम कापून घेतात. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचे नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे (आधी ही मर्यादा १.६० लाख होती). त्या रकमेसाठी कुणी गहाणखत करायला लावत असेल तर नियम दाखवावा.

व्याजाचे गणित. पीककर्ज ३ लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी, वेळेत फेडले तर केंद्राची ३ टक्के सवलत, म्हणजे ४ टक्के. महाराष्ट्राने डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत २०२१-२२ पासून ३ लाखांपर्यंत शून्य टक्के केले. कर्नाटकात सहकारी संस्थांच्या शून्य टक्के कर्जाची मर्यादा २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ३ वरून ५ लाख झाली. कागदावर कर्नाटक उदार दिसते, पण सोसायटी देते तिच्या तिजोरीत असते तेवढेच. नव्या सभासदाला ५ लाख कुणी पहिल्या वर्षी देत नाही.

दोन्हीकडून कर्ज घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. केंद्राची सवलत माणशी आहे, खात्यावर नाही. अलीकडे २ लाख आणि पलीकडे २ लाख उचलले तर आधारवरून बेरीज ४ लाख होते आणि सवलत ३ लाखांनाच बसते. दुसऱ्या बँकेचा सवलतीचा दावा परत येतो, आणि मग ती फरकाचे व्याज खात्याला लावते. शेतकऱ्याला हे वर्षभराने कळते. म्हणून पलीकडे कर्ज घेताना अलीकडची रक्कम लपवू नये. लपवून फायदा काहीच नाही.

आता हात आखडण्याचे मुख्य कारण. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि तुटतो १६ ते १८ महिन्यांनी. सवलतीच्या पीककर्जाची मुदत मात्र वर्षाची. जुलैत उचललेले पैसे पुढच्या जुलैच्या आत फेडायचे, तेव्हा ऊस कमरेच्या वर, पण उभाच. मार्चअखेर आली की सोसायटीचा सचिव म्हणतो, नवं-जुनं करून घ्या. म्हणजे जुने कर्ज भरायचे आणि लगेच नवे उचलायचे. भरायला पैसे नसतात, म्हणून दहा-पंधरा दिवसांसाठी हातउसने घेतात, आणि ते फुकट मिळत नाहीत.

दीड लाखाचे कर्ज धरा. दहा दिवसांसाठी सरळ शेकडा दोनने पैसे घेतले, तीन हजार गेले. न भरता थकले तर ७ टक्क्यांनी १०,५०० रुपये व्याज. म्हणजे तीन हजार देणारा शेतकरी हिशेबात चुकत नाही. पण शून्य टक्के कर्ज दोन टक्क्यांचे झाले आणि ते दोन टक्के कुठल्याच पावतीवर नाहीत. घात होतो तो नवे कर्ज लांबले तर. नवी कमाल मर्यादा पत्रके, म्हणजे कुणाला किती कर्ज द्यायचे याच्या सोसायटीच्या याद्या, मंजूर व्हायला एप्रिल सरतो, कधी मे उजाडतो, आणि हातउसने दरमहा शेकडा तीनने चालू राहतात. दोन महिन्यांत ९,००० रुपये. वाचवलेले जवळजवळ सगळे व्याज सावकाराच्या घरी. नवं-जुनं करण्याआधी सचिवाला एकच विचारायचे: यंदाचे कमाल मर्यादा पत्रक मंजूर होऊन आले का? आले नसेल तर मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबणे परवडते. पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरची) किंवा ‘सुरू’ (जानेवारी-फेब्रुवारीची) लागण करणाऱ्याला हा त्रास कमी. खोडव्याचा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस वर्षात तुटतो, त्यामुळे कर्जफेडीच्या दृष्टीने खोडव्यावरचे कर्ज सगळ्यात सरळ.

दुसरी गाठ कारखान्याच्या बिलाची. सोसायटी कारखान्याला थकबाकीची यादी देते आणि कारखाना ऊसबिलातून वळती करतो. गावकऱ्यांना हे टोचते, कारण बिल हातात येते ते कापलेलेच. पण याच वसुलीमुळे ऊसपट्ट्यातल्या सोसायट्या जिवंत आहेत आणि पुढच्या वर्षी कर्ज देऊ शकतात. ऊस सीमेपलीकडच्या कारखान्याला गेला की ही साखळी तुटते. बिल थेट खात्यात पडते, फेब्रुवारीत घरात पैसा दिसतो, लग्न निघते, ट्रॅक्टरचा हप्ता जातो, आणि जूनमध्ये सोसायटीची नोटीस येते. परराज्यात ऊस घालणाऱ्याने बिल पडले त्याच आठवड्यात सोसायटीचे पैसे स्वतः भरून पावती घ्यावी. तिथे वळती करणारे कुणी नाही.

परराज्यात ऊस घालायचा का, हा प्रश्न दराचा. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर, आहे. साखर उतारा जास्त असला की दर चढतो, आणि तोडणी-वाहतूक त्यातूनच वजा होते. त्यामुळे दोन कारखान्यांची तुलना जाहीर आकड्याने करायची नसते, तोडणी-वाहतूक वजा जाता खात्यात काय पडते त्याने करायची. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यात गुर्लापूरला शेतकरी रस्त्यावर बसले ते याच निव्वळ दरासाठी. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्क्यांनी व्याज. हे व्याज कुणी आपण होऊन देत नाही. दोन्ही राज्यांत साखर आयुक्तांकडे लेखी मागावे लागते. आणि सीमेचा दरवाजा केव्हाही लागू शकतो: सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने परराज्यात ऊस नेण्यावर बंदी घातली होती, विरोध झाल्यावर ती काही दिवसांतच मागे घेतली. उसाची नोंद एकाच कारखान्याकडे ठेवणाऱ्याला असा दिवस महाग पडतो.

उसाला निदान बिल आणि आदेश तरी आहे. निपाणी भागातल्या विडी तंबाखूला तेही नव्हते. व्यापारी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देणार, दर तोच लावणार, पैसे सवडीने देणार. १९८१ चे निपाणीचे आंदोलन उभे राहिले ते दरावर, पण दर पाडण्याची ताकद व्यापाऱ्याला मिळाली होती ती या उचलीतून. ज्याचे पैसे आधी घेतले, त्यालाच माल घालावा लागतो. स्वस्त पीककर्जाचा शेतकऱ्याच्या उत्पन्नावर होणारा सगळ्यात मोठा परिणाम माझ्या मते हाच आहे: व्याज वाचते ते थोडे, माल कुणाला विकायचा हे ठरवण्याची मोकळीक मिळते ती मोठी.

कर्जमाफीतही सीमा आडवी येते. कर्नाटकाने २०१८ च्या माफीत आधार, शिधापत्रिका आणि सर्व्हे नंबर जुळवून पाहिले. घर महाराष्ट्रात असणाऱ्याची शिधापत्रिका महाराष्ट्राची, तो त्या जुळणीत अडकणार हे उघड होते. महाराष्ट्राच्या २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत २ लाखांपर्यंत माफी होती, तीही महाराष्ट्रातल्या खात्यांना. माफीची वाट पाहून पलीकडचे कर्ज थकवणे म्हणूनच दुप्पट धोक्याचे. माफी हुकते, शून्य टक्के जाते आणि पुढचे कर्ज बंद होते.

तेलंगणाच्या सीमेवर चित्र निराळे आहे. तिथे २०१८ मध्ये रयतु बंधू आली, एकरी हंगामाला ४,००० रुपये थेट खात्यात, आणि त्याच वर्षी नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद भागातली गावे आम्हाला तेलंगणात घ्या म्हणू लागली. आता रयतु भरोसा नावाने वर्षाला एकरी १२,००० आहेत. बियाण्याच्या दिवसांत हातात रोख आली की कृषी सेवा केंद्राची उधारी टळते, ही त्या योजनेची खरी करामत. पण पैसे जातात पट्टेदाराला, म्हणजे ज्याच्या नावावर रान आहे त्याला. रान खंडाने कसणाऱ्याला काही नाही, उलट मालक खंड वाढवू शकतो.

इथे मूळ प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत शेतकरी कुटुंबाचे महिन्याचे सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. त्यात पिकातून ३,७९८ आणि मजुरीतून ४,०६३. म्हणजे ज्याला आपण शेतकरी म्हणतो तोसुद्धा पिकापेक्षा मजुरीवर जास्त जगतो, आणि पीककर्ज फक्त त्या ३,७९८ ला हात लावते. निम्मी कुटुंबे कर्जात होती. कर्नाटकात हे प्रमाण दोन तृतीयांशांच्या वर, महाराष्ट्रात निम्म्याहून थोडे जास्त. दीड एकरवाल्याला शून्य टक्क्याने वाचतात वर्षाला सहा-सात हजार. दहा एकरवाल्याला तीन लाखांवर वाचतात एकवीस हजार. सवलत रानाच्या मापाने वाटली जाते, गरजेच्या नव्हे.

निम्म्याने किंवा खंडाने करणाऱ्याला कागद मिळत नाही, कारण कसणारा उद्या कूळ म्हणून रानावर हक्क सांगेल ही भीती दोन्ही राज्यांतल्या मालकांच्या मनात आहे. कर्नाटकाच्या जमीन सुधारणा कायद्यात तर शेतजमीन खंडाने देण्यालाच बहुतेक मनाई आहे. मग सगळे तोंडी. अशांसाठी संयुक्त देयता गट हा मार्ग आहे: ४ ते १० जण, एकमेकांना जामीन, उताऱ्याशिवाय कर्ज. गट टिकतो तो सगळे एकाच वस्तीचे आणि साधारण सारख्या ऐपतीचे असतील तर. सीमेच्या दोन बाजूंचे सभासद एका गटात घालू नयेत. एकाची शाखा दुसऱ्याला थकबाकीदार ठरवू शकत नाही, आणि जामिनाला अर्थ उरत नाही.

ऊसतोड करणाऱ्यांचे कर्ज याहून वेगळ्या वाटेने येते. बीडच्या, जतच्या, विजयपूरच्या तांड्यांवरून टोळ्या निघतात. कारखाना वाहनमालकाला पैसे देतो किंवा बँकेतून मिळवून देतो, वाहनमालक मुकादमाला, मुकादम कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला उचल देतो. हंगामात तोडणीच्या टनावर ती फिटत जाते. ऊस लवकर संपला, पाऊस लांबला, कुणी आजारी पडले की बाकी राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते. टोळी आलीच नाही तर वाहनमालक बुडतो, आणि परराज्यातल्या मुकादमामागे फिर्याद घेऊन फिरणे किती कठीण हे सीमाभागातल्या ट्रॅक्टरवाल्यांना विचारा. उचल देताना करार स्टॅम्पवर, रक्कम खात्यावर आणि टोळीतल्या प्रत्येकाचे आधार, एवढे तरी हवे.

बायकांच्या गटांना घरपोच मिळणारे मायक्रोफायनान्स आठवड्याच्या हप्त्याचे असते आणि मजुरी हंगामाची. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. महिना १२,००० असेल तर हप्ते ६,००० पर्यंत. तिसरी कंपनी कर्ज द्यायला आली की हा आकडा मांडून बघावा. वसुलीच्या दडपशाहीविरुद्ध कर्नाटकाने २०२५ मध्ये वेगळा कायदा केला आहे.

सावकारी कायदाही सीमेला अडतो. महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्यात शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के, विनातारणावर १२ टक्के ही कमाल. दरमहा शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६, सरळ बेकायदा. रान लिहून घेतले असेल तर १५ वर्षांच्या आतल्या व्यवहाराची तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते आणि जमीन परत मिळू शकते. पण तो उपनिबंधक महाराष्ट्रातल्या रानाचाच. पलीकडच्या रानाचे साठेखत पलीकडच्या सावकाराला करून दिले की हे संरक्षण तिथे चालत नाही. अडीनडीला काही लिहून द्यायचीच वेळ आली तर निदान अलीकडचे रान असावे.

थोड्या रानाच्या किंवा बिनरानाच्या कुटुंबाला या भागात कर्जाचा खरा उपयोग होतो तो म्हशीत. कारण साधे आहे: कोल्हापूरच्या दूधसंस्थेचे बिल दहा दिवसांनी येते, हप्ता त्यातूनच कापता येतो, मार्चअखेरीचे नवं-जुनं लागत नाही. पशुपालनासाठी किसान क्रेडिट कार्डावर २ लाखांपर्यंतच्या कर्जाला व्याज सवलत आहे, पण ते चाऱ्या-पेंडीच्या खेळत्या खर्चाला. जनावर घ्यायला मुदत कर्ज वेगळे मागायचे. दोन म्हशींचे कर्ज असेल तर दोन्ही एकदम घेऊ नयेत. दुसरी पाच-सहा महिन्यांनी घ्यावी, म्हणजे एक आटली तेव्हा दुसरी दुधात असते आणि हप्ता चुकत नाही. दोन्ही एकदम घेणाऱ्याच्या दोन्ही एकदम आटतात आणि तेव्हाच खाते थकते. विमा घेताना कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक पॉलिसीवर नीट पडला आहे का ते बघावे. बिल्ला तुटला तर त्याच दिवशी कळवून नवा मारून घ्यावा, बिल्ल्याशिवाय मेलेल्या म्हशीचा दावा मिळत नाही.